दर गुरुवारी भेटून करता काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, आणि नंतर आमच्या गुरुवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की, आमच्या सेवा क्लबाने वर्षभरात किती बैठका घेतल्या याचं मी कौतुक केलं, पण बैठक म्हणजे काम नव्हे. घंटा वाजवायची, शपथेसारखे चार प्रश्न म्हणायचे, एकमेकांना शाली घालायच्या, फोटो काढायचे आणि जेवून घरी जायचं. ही विलायती रीत आपल्या खान्देशात कशाला? गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, बैठका घेत बसले नाहीत. तेवढ्या वेळात आणि पैशात साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या पाड्याला पाणी मिळालं असतं.

शालींचं आधी बोलते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. गेल्या जुलैतल्या पदग्रहणात सत्कारांना दीड तास लागला आणि कामांच्या आढाव्याला वीस मिनिटं. मी सेक्रेटरी होते, वेळेकडे लक्ष ठेवणं माझं काम होतं, आणि मी कुणाला थांबवलं नाही. यंदा शाली बंद केल्या आहेत. पेशंटच्या हातात पिशवी देतानाचे फोटोही बंद. जेवण महिन्यातून एकदा असतं आणि ते ज्याच्या त्याच्या खिशातून. एरवी चहा. क्लबाच्या खर्चाचं खातं आणि सेवेचं खातं बँकेत पहिल्यापासून वेगळं आहे, लोकांनी कामासाठी दिलेल्या पैशातून चहाचा कपही येत नाही. वही कुणीही येऊन पाहावी.

पण बैठक बंद करा, हे मला मान्य नाही. त्याचं कारण एक आजी आहेत.

रोटरी या सेवा क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये जगभरातल्या आपल्या क्लबांना सवलत दिली, की दर आठवड्याला भेटलंच पाहिजे असं नाही, महिन्यातून दोनदा भेटलात तरी चालेल. ते वारं आमच्याकडेही आलं. दुकानं, शेती, दवाखाने सांभाळणारी माणसं आम्ही, सगळ्यांनाच बरं वाटलं. आम्हीही दोन बैठकांवर आलो. त्यानंतरच्या मार्चमध्ये मोतीबिंदूचं शिबिर झालं. तपासणी गावात आणि ऑपरेशनं शहरातल्या दवाखान्यात, अशी ३८ माणसं गाडीने नेली आणि सुखरूप परत आणली. आठव्या दिवशीची तपासणीही नीट झाली. मग लग्नसराई लागली. एप्रिलची पहिली बैठक एका सदस्याच्या घरच्या हळदीमुळे रद्द झाली, दुसरी आखाजीमुळे, म्हणजे अक्षय्य तृतीयेमुळे. पाच आठवडे आम्ही एकत्र बसलोच नाही. मधल्या काळात महिन्याच्या तपासणीला गाडी गेली, तीत ३७ माणसं होती. एक कमी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नव्हे. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने विचारलं असेल.

मे महिन्यात शेवटी बैठक झाली. आम्ही बाजार समितीजवळच्या शाळेत, सहावीच्या वर्गात बसतो, मुलांच्याच बाकांवर. आमच्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. वृत्तान्त वाचून झाला आणि अप्पांनी विचारलं, "नेले किती, आणले किती?" उभी हयात माणसं मोजण्यात गेलेला माणूस तो. वर्ग एकदम गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या स्कूटरवर आम्ही दोघं त्या गावी गेलो. आजी ओट्यावर बसल्या होत्या. डोळ्यावर हिरवी पट्टी अजून तशीच, कडेने मळून काळी पडलेली. पट्टी बाजूला केली तर डोळा लाल, पाणी वाहतंय. थेंबांची रिकामी बाटली त्यांनी कागदात गुंडाळून देवळीत जपून ठेवली होती. ती माझ्या हातात देत म्हणाल्या, "थेंब सरी ग्यात माय. मंग कोनले इचारू?"

माझं मेडिकलचं दुकान आहे, भाऊ. मोतीबिंदूनंतरचे थेंब साधारण सहा आठवडे टाकायचे असतात, हळूहळू कमी करत. पाच मिलीची एक बाटली तोवर पुरत नाही. हे मी काउंटरवर रोज दहा जणांना सांगते. आणि त्याच मी, आमच्या शिबिरात, एकेका पेशंटला एकेक बाटली देऊन मोकळी झाले होते. बाकीच्यांनी दुसरी बाटली विकत आणली. आजींकडे आणायला कुणी नव्हतं.

त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डोळा वाचला. माणसं ओळखू येतात, घरातल्या घरात फिरता येतं. पण त्या गोधड्या शिवायच्या, तो टाका घालण्याइतकी नजर काही परत आली नाही. आमच्या वार्षिक अहवालात "३८ जणांना दृष्टी" असं छापायला दिलं होतं. ते चार प्रश्न, ज्यांचा तुम्ही उल्लेख केलात, त्यातला पहिलाच आहे, "हे खरं आहे का?" १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर नावाच्या व्यावसायिकाने आपली बुडत चाललेली कंपनी सावरताना ते प्रश्न लिहिले आणि पुढे रोटरीने घेतले. अप्पांनी त्या गुरुवारी तो पहिला प्रश्न अहवालासमोर धरला. आम्ही आकडा बदलला आणि आजींचं काय झालं ते खाली दोन ओळींत लिहिलं.

तेव्हापासून पुन्हा दर गुरुवारी. घंटा आणि राष्ट्रगीतानंतर पहिली वही उघडते ती राहिलेल्या कामांची, पाहुण्यांचं भाषण त्यानंतर. कुणाचे थेंब, कुणाची तपासणी, कुणाला फोन करायचा, कुणी केला नाही. नाव घेऊन विचारलं जातं. ऐकायला हे कंटाळवाणं आहे, मान्य. एखाद्या गुरुवारी चाळीस मिनिटं नुसती ही वहीच चालते. माझ्या मते क्लबाचं खरं काम तेवढंच आहे, बाकीचा एक दिवसाचा कार्यक्रम कुणीही करू शकतो.

आता विलायतीपणाबद्दल. रीत शिकागोची आहे, हे खरं. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाचे एक वकील तीन मित्रांसह एका ऑफिसात जमले. पुढे आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भेटू लागले, त्या फिरण्यावरून रोटरी हे नाव पडलं. त्या क्लबाच्या सुरुवातीच्या सार्वजनिक कामांपैकी एक होतं शहरात सार्वजनिक शौचालयं व्हावीत म्हणून केलेला पाठपुरावा. आपल्याकडे आठवडे बाजाराला खेड्यांतून आलेल्या बायका आजही सकाळपासून पाणी न पिता बसतात, त्यामुळे मला ती गोष्ट परकी वाटत नाही.

आणि ठरावीक वेळी बसून ठरवायचं, ही रीत आपल्या मातीत नव्हती असं कसं म्हणता? पांझरेकाठची फड पद्धत तुम्हाला माहीत असणारच. माझ्या आजोबांच्या गावी फड होता. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, बहुतेक ठिकाणी चार. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, कोणता पडीक, हे एकट्या शेतकऱ्याने ठरवायचंच नाही. सगळे बसून ठरवायचे, आणि एका फडात एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे फड कमी करायचे, पण बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असल्यामुळे कुणी एकटा बुडत नसे. पाणी ज्याने त्याने सोडायचं नाही, ते पाटकरी सोडणार. पाटकऱ्यावर लक्ष ठेवायला हवालदार, पिकाची राखण करायला जागल्या. हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस. काही शतकं हे चाललं ते बंधाऱ्याच्या भिंती उंच होत्या म्हणून नाही. लोक ठरल्या वेळी बसत होते, पाळी पाळत होते, चुकलेल्याला नाव घेऊन विचारत होते. पुढे वर धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या, एकमेकांची गरज उरली नाही. कित्येक गावांत बंधारा आहे, पण बसणं थांबलं. पाटात आज बाभळी आहेत. मी लहानपणी त्या पाटात पाय सोडून बसले आहे, म्हणून हे लिहिताना मन भरून येतं.

गाडगेबाबांचं नाव काढलंत, ते बरं केलंत. बाबांनी खराटा हातात घेतला आणि धर्मशाळाही उभ्या केल्या. त्या स्वतःच्या नावावर ठेवल्या नाहीत, चालवायला विश्वस्तांकडे सोपवल्या. खराटा एका माणसाचा असू शकतो. आपल्यामागे वाटसरूला आसरा मिळत राहायचा तर हिशेब ठेवणारी, ठरल्या वेळी बसणारी चार माणसं लागतात, हे बाबा जाणून होते.

पोलिओचं काम आठवून पाहा. लसीकरणाच्या रविवारी बूथवर बसणं, बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावणं, फोटोत येतं ते एवढंच. खरा जीव काढायचे ते पुढचे दिवस. घरोघरी जायचं आणि सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल त्या दारावर खडूने 'पी' लिहायचं, एखादं राहिलं असेल तर 'एक्स'. आणि मग फक्त त्या 'एक्स'च्या दारांवर परत जायचं. मूल शेतावर गेलंय, मामाच्या गावी गेलंय, आई ऊसतोडीला गेलीय. तरी परत जायचं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आशा ताई, अंगणवाडी सेविका, नर्स यांचं ते श्रेय आहे, आमच्यासारख्या क्लबांची त्यात साथ होती. गुरुवारच्या बैठकीत आम्ही गल्लीवार 'एक्स' वाटून घ्यायचो.

रक्तदानाचंही तसंच. २६ जानेवारीला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला जागोजागी शिबिरं होतात. पण रक्ताची पिशवी ३५ ते ४२ दिवसांपलीकडे टिकत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऊन डोक्यावर, माणसं लग्नात, आणि रक्तपेढीचा फ्रीज रिकामा. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र मे महिन्यातही दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या सिकलसेलच्या पेशंटलाही ते अचानक लागू शकतं. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. म्हणजे २६ जानेवारीला रक्त दिलेला पुरुष एप्रिलच्या शेवटी मोकळा होतो, बाई मेच्या शेवटी. आमच्या वहीत ही यादी असते. एप्रिलच्या गुरुवारी एकेकाने दहा-दहा नावं घेऊन फोन करायचे, आणि मेमध्ये सकाळी सात ते दहा शिबिर. पन्नास पिशव्या जमल्या तरी आम्हाला तो मोठा दिवस वाटतो.

राहिलं पाड्याचं पाणी. त्यावर आम्ही बोललो, आणि तुमची प्रतिक्रिया राहिलेल्या कामांच्या वहीत लिहिली आहे. पण पाड्याचं नाव तुम्ही दिलं नाहीत. तिथे हातपंप आहे आणि बंद पडलाय, की मुळातच नाही? विहीर असेल तर पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं? टाकी बसवली तर मोटारीचं बिल कोण भरणार, व्हॉल्व्ह कोणाच्या ताब्यात, बिघडली तर मिस्त्रीला फोन कोण करणार? एवढं कळलं तर काम सुरू करता येईल, आणि दोन उन्हाळ्यांनंतरही नळाला पाणी असेल असं बघता येईल.

येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला या. शाळेचं मागचं फाटक उघडं असतं. जमलं तर पाड्यावरच्या एखाद्या ताईलाही सोबत आणा, डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला त्या विहिरीचं सगळं माहीत असतं. तुमची परतायची शेवटची बस चुकली तर अप्पा गाडी घेऊन सोडायला येतील, त्यांनी तसं कबूल केलं आहे.