चाळिशीत चोच फोडणारा गरुड जगात कुठेच नाहीये

माझी मावशी सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीत आलीये. घराजवळच्या पार्कात तळं आहे, रॅरिटन नदीही तिथून लांब नाही, त्यामुळे बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड, इथे बाराही महिने अधूनमधून दिसतो. गेल्या आठवड्यात तिला दुर्बिणीतून एक दाखवला. डोकं पांढरट पण त्यावर तपकिरी डाग, डोळ्यामागे काळपट पट्टा, शेपूट मळकी, एका पंखातली पिसं मधेच गायब. मावशी एकदम हळहळली, "चाळिशी आलेली दिसतेय रे बिचाऱ्याची, पिसं उपटायला लागलाय." आणि फोन काढून तिने मला तो सगळीकडे फिरणारा मेसेज अख्खा वाचून दाखवला, गरुड चाळिशीत स्वतःची चोच, नखं, पिसं काढून पुन्हा तरुण होतो म्हणे.

अहो, तो पक्षी जेमतेम चार वर्षांचा होता! बाल्ड ईगलचं डोकं आणि शेपूट पूर्ण पांढरी व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, तोवर तो असाच डागाळलेला, अर्धवट रंगवल्यासारखा दिसतो. एका तरण्या पोराला आपण त्या मेसेजपायी मरायला टेकलेला म्हातारा ठरवलं.

मेसेज तुम्हालाही आला असणारच, त्यावर फोटोही बहुतेक वेळा याच पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन पक्ष्याचा असतो. म्हणे गरुड ७० वर्षं जगतो. पण चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं निकामी होतात, पंख जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन चोच दगडावर आपटून तोडतो, नवी चोच आली की तिने नखं उपटतो, नवी नखं आली की पिसं उपटतो, आणि १५० दिवसांनी कोरा करकरीत होऊन आणखी ३० वर्षं जगतो. जोडीला, गरुड मेलेलं कधी खात नाही आणि वादळात ढगांच्या वर जातो.

आधी वयाचं. जंगलातला बाल्ड ईगल साधारण २० ते ३० वर्षं जगतो. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांची नोंद अमेरिकेचं सरकारी खातं ठेवतं, त्यात सगळ्यात जास्त जगलेला बाल्ड ईगल ३८ वर्षांचा आहे. १९७७ साली न्यूयॉर्क राज्यात त्याला पिल्लू असताना कडी घातली आणि २०१५ मध्ये तिथेच गाडीची धडक बसून तो मेला. म्हणजे नोंदीतला सगळ्यात म्हातारा पक्षीसुद्धा या गोष्टीतल्या चाळिशीपर्यंत पोचला नाही, मग सत्तरी कुठून आली? माणसाच्या देखरेखीखाली ते जास्त जगतात हे मान्य, पण सत्तर नाही.

आता ती चोच. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण लोक हे वाचून माना डोलावतात आणि पुढे पाठवतात. चोचीचं वरचं आवरण आपल्या नखांसारख्याच पदार्थाचं असतं, ते सतत वाढतं आणि सतत झिजतं, मासा फाडताना, फांदीवर घासताना. इथपर्यंत खरंय, आणि मेसेजात खरं असलंच तर एवढंच आहे. पण त्या आवरणाच्या आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, संवेदना आहेत. ते हाड मोडलं तर पाच महिन्यांत नवी चोच उगवत नाही. आणि चोच नाही म्हणजे मांस फाडता येत नाही, पिसं साफ करता येत नाहीत. अशा अवस्थेत पाच महिने डोंगरावर बसून काय करणार, उपाशी मरणारच ना? २००५ मध्ये अलास्कात एका मादीला कुणीतरी गोळी घातली, वरची चोच बरीचशी उडाली. ती सापडली तेव्हा उपासमारीने मरायला टेकली होती. माणसांनी हाताने भरवलं म्हणून ती वाचली, आणि २००८ मध्ये आयडाहो राज्यात तिला कृत्रिम चोच बसवली. ब्यूटी तिचं नाव. चोच गेलेल्या गरुडाचं खरोखर काय होतं ते बघायचं तर हे बघा.

पिसांचं तर अगदीच सोपंय. गरुड पिसं उपटत नाही, ती आपोआप गळतात, थोडी थोडी, जुनं गळतं तिथे नवं येतं, आणि या सगळ्या काळात तो उडत असतो, शिकार करत असतो. आम्ही तळ्यावर पाहिला त्याचंही तेच चाललं होतं. सगळी पिसं एकदम काढली तर तो उडणार कसा आणि रात्रीच्या थंडीत टिकणार कसा?

ढगांच्या वर वगैरे सोडून द्या, वादळात तो झाडावर बसून राहतो.

पण 'मेलेलं खात नाही' हे सोडून देण्यासारखं नाही. बाल्ड ईगल मेलेलं भरपूर खातो, विशेषतः थंडीत. मेलेले मासे, रस्त्याकडेला गाडीखाली आलेली हरणं, शिकारी जंगलात टाकून जातात ती हरणाची आतडी. आणि त्या आतड्यांत शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे असतात. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अभ्यास आलाय, ३८ राज्यांतले १,२१० बाल्ड आणि गोल्डन ईगल तपासले, तर जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळ शिसं साठल्याच्या खुणा मिळाल्या. गरुड फक्त ताजी शिकार करतो असं एकदा डोक्यात बसलं की हे विष त्याच्या पोटात जातं कसं हेच कुणाला कळणार नाही.

आणि हा पक्षी खरंच संपत आला होता हो. १९६३ मध्ये अलास्का सोडून अख्ख्या अमेरिकेत जेमतेम ४१७ जोड्या घरटी करत होत्या. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसल्यावरच फुटायची. न्यू जर्सीत तर एकच घरटं उरलं होतं. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, इथल्या लोकांनी कॅनडातून पिल्लं आणून वाढवून सोडली, घरट्यांवर पहारे दिले. आज या राज्यात दोनशेच्या वर जोड्या आहेत म्हणून मावशीला पार्कातल्या तळ्यावर गरुड दिसला. दगडावर चोच आपटून एकही वाढला नाही.

मला खरी काळजी पुढची आहे. शिशाची बाधा झालेला गरुड जमिनीवर बसून राहतो, पंख लोंबतात, मान टेकते, माणूस जवळ गेला तरी उडत नाही. तो मेसेज मनात असलेल्या माणसाला वाटेल पुनर्जन्म चाललाय, त्रास नको द्यायला, आणि तो निघून जाईल. कृपा करून असं करू नका. लांबच थांबा, खायला काही घालू नका, आणि लगेच राज्याच्या वन्यजीव खात्याला किंवा जवळच्या पक्षी उपचार केंद्राला फोन करून नेमकी जागा सांगा. वेळेत पोचला तर शरीरातलं शिसं काढायचं औषध देता येतं.