‘रंकाळ्यावर जा’ सांगणाऱ्या वाचकास

आईच्या व्हॉट्सॲप वापरण्याबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक वाचक’ अशा नावानं प्रतिक्रिया आलीय. थोडक्यात अशी: लेख भाबडा आहे, मोबाइलनं म्हाताऱ्यांचं एकटेपण जात नाही, फसवणूक मात्र वाढते, आणि ‘त्या डबड्यात तोंड खुपसून बसण्यापेक्षा संध्याकाळी रंकाळ्यावर चार माणसांत बसावं.’ रंकाळा म्हणजे आमचा कोल्हापूरचा तलाव.

महोदय, मत वेगळं असू द्या, माझी हरकत नाही. पण ऐंशीकडं झुकलेल्या माणसांबद्दल ‘तोंड खुपसून’? घरातल्या थोरामोठ्यांशी असंच बोलता काय?

बरं, रंकाळ्याचंच बघू. तिथल्या कठड्यावर, पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर आजवर कोण बसत आलंय? बाप्ये. आई राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, गुडघे गेलेत. पण गुडघे धड होते तेव्हा तरी तिला कुठला कट्टा होता? तिच्या मैत्रिणी गडहिंग्लजच्या शाळेतल्या. लग्नं झाली आणि कोण बेळगावला, कोण कराडला, कोण मुंबईला. आडनावं बदलली, काहीजणींची तर पाळण्यातली नावंही सासरी गेली. शाळूसोबती हुडकायला पुरुषाला नाव पुरतं. यांनी कुठल्या नावानं हुडकायचं? एकीच्या नातवानं ग्रुप काढला, एकीतून दुसरी सापडत गेली. २०२० च्या एप्रिलात, लॉकडाउनमध्ये, व्हॉट्सॲपनं व्हिडिओ कॉलवर चारऐवजी आठजणांची सोय केली. त्याच दिवसांत एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आईला कोणीतरी माहेरच्या नावानं ‘ए’ करून हाक मारत होतं. जन्मभर काकू आणि वहिनी ऐकलेल्या बाईला!

आणि २०१९ चा महापूर विसरलात? शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शुक्रवार पेठेत मावशी अडकलेली. ती सुखरूप आहे हे आम्हाला तिच्या व्हॉइस मेसेजवरून कळलं. तुमचा रंकाळा तेव्हा काय सांगणार होता?

फसवणूक होते, हे मान्य. सायबर तक्रारीचा १९३० हा नंबर मी आईच्या फ्रिजवर चिकटवलाय. बाकी गंडा घालणारे साध्या फोनवरही बोलतात, म्हणून फोन कोणी काढून टाकत नाही. एकटेपणाबद्दलचं तुमचं म्हणणं ‘डोळ्यांना दिसतं की’ एवढ्यावर उभं आहे, ते सोडून देतो.

एक करा. तुमच्या आईला विचारा, शाळेत शेजारी बसणारी मैत्रीण आता कुठं असते, तिचं आडनाव काय. उत्तर आलं तर इथंच लिहा. तेही ‘एक वाचक’ म्हणूनच लिहिणार असाल तर चालेल.