‘भावनिक लिखाण’ : एका डॉक्टर वाचकांना उत्तर

आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पोटावर शौचासाठी पिशवी आली; तिच्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांनी भलीमोठी प्रतिक्रिया दिली आहे. आपण डॉक्टर आहोत हे त्यांनी पहिल्या ओळीत सांगितलंय आणि शेवटच्या ओळीत पुन्हा एकदा. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : मी शरीररचनेची एक ढोबळ चूक केली. एकाच रुग्णावरून, तोही स्वतःचा बाप, आतड्याच्या कॅन्सरनंतरच्या आयुष्याबद्दल बोलले. कायमची पिशवी असलेल्यांची जीवनगुणवत्ता पिशवी नसलेल्यांपेक्षा वाईट नसते, असं अभ्यास सांगतात, ते मला ठाऊक नाही. तपासणीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आणि मग हे वाक्य : ‘असलं भावनिक लिखाण वाचून उद्या कुणी ऑपरेशनला नाही म्हणालं तर जबाबदारी कुणाची? ताई, जरा वाचन वाढवा.’

चूक आधी. मान्य. अण्णांची पिशवी लहान आतड्याला आहे असं मी लिहिलं होतं. ती मोठ्या आतड्याला आहे, म्हणजे कोलोस्टॉमी. लहान आतड्याची असती तर पातळच येत राहिलं असतं आणि दिवसातून कितीदा तरी रिकामी करावी लागली असती. लेखात दुरुस्ती केली आहे. धन्यवाद. हे मनापासून म्हणते, कारण पुढे फारसे धन्यवाद येणार नाहीत.

आता ‘भावनिक’.

मी काय लिहिलं होतं ते पुन्हा सांगते. अण्णा शिंपी. कराडला दुकान, उभा जन्म मशीनवर गेला. गाठ गुदाशयात अगदी खाली होती, त्यामुळे गुदद्वारासकट काढावी लागली आणि शौचाची वाट कायमची पोटावर, डाव्या बाजूला आली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक शिकाऊ डॉक्टर आला आणि स्टोमा, म्हणजे पोटावरचं ते शौचाचं तोंड, कुठे करायचा त्याची पेनने खूण करून गेला. अण्णा पलंगावर आडवे होते. डॉक्टर, ही खूण माणसाला उभं करून, बसवून, पुढे वाकवून बघून करायची असते. हे तुमच्याच शास्त्रात लिहिलंय, माझ्या भावनांनी नाही. पँटचा पट्टा कुठे येतो, बाई असेल तर परकराची नाडी कुठे येते, बसल्यावर पोटाला वळी कुठे पडते, हे सगळं बघायचं असतं. अण्णांचा स्टोमा ते मशीनवर झुकले की नेमका वळीत जातो. मग पिशवीची कातडीला चिकटवलेली चकती सुटते, कडेने झिरपतं आणि खालची कातडी सोलल्यासारखी लाल होते. पहिले पाच महिने ते मशीनला बसलेच नाहीत. ‘अगं, मी पायजम्याचं मापसुद्धा कुणाला आडवं निजवून घेत नाही,’ एवढंच ते म्हणाले आणि एवढंच मी लिहिलं. यात भावनिक काय आहे? हा मापाचा हिशेब आहे.

बरं, भावनिक कुणाला म्हणतात हेही कळत नाही. बाईने घरातलं लिहिलं की ते भावनिक आणि पुरुषाने वॉर्डातलं सांगितलं की तो अनुभव, असं आहे का? गेली तीन वर्षं मी हे करते आहे. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून दर वेळी नवं माप घेऊन चकतीचं भोक कापावं लागतं. भोक मोठं झालं तर कातडी जळते, लहान झालं तर स्टोमाला घासतं. आमच्याकडे ते भोक अण्णाच कापतात, बारीक वाकड्या कात्रीने, काज कापावं तसं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. बाकी सगळं मी शिकले : कोमट पाणी, मऊ कापड, पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चिकटवायचं नाही. रात्री दोनला चादर बदलायला उठायचं आणि आपण उठलोच नाही असं सकाळी दाखवायचं, हेही शिकले. ते कुठल्या अभ्यासक्रमात आहे?

आणि वाचन. ताईने वाचन वाढवलं. (मी आपली ताई नाही, पण असो.) 2012 साली कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने, 35 अभ्यास एकत्र तपासले. त्यांचं म्हणणं असं की, पिशवी टळलेल्यांची जीवनगुणवत्ता पिशवीवाल्यांपेक्षा सरस असते की नाही, हे उपलब्ध अभ्यासांवरून ठामपणे सांगता येत नाही. ‘ठामपणे सांगता येत नाही’ आणि ‘वाईट नसते’ ही दोन वाक्यं एकच आहेत, असं तुमच्या कॉलेजात शिकवत असतील तर प्रश्नच मिटला. शिवाय ज्यांचं आतडं खाली परत जोडलं जातं त्यांचं काय होतं? दिवसातून कितीदा धावावं लागतं, वारा की शौच ते कळत नाही, जाऊन आलं की तासाभरात पुन्हा. त्याला लार्स म्हणतात. त्यासाठी पाच प्रश्न आहेत, 42 पैकी 30 गुण झाले की तीव्र. तेव्हा दोघांत फरक दिसत नाही याचा अर्थ पिशवीवाले मजेत आहेत असाच काढायचा का? दोघांचेही हाल असू शकतात.

जीवनगुणवत्ता मोजायचा तो तीस प्रश्नांचा युरोपियन फॉर्म आम्हीही भरलाय, मराठीतला. अठ्ठावीस प्रश्नांना ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पर्याय आणि शेवटच्या दोनांना 1 ते 7. शेवटचा प्रश्न असा की, गेल्या आठवड्यात तुमच्या जीवनाचा एकंदर दर्जा कसा होता. अण्णांनी चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि 6 वर गोल केला. त्याच आठवड्यात माझ्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. अण्णा गेले नव्हते. पिशवीत वारा सरकला की हॉलभर ऐकू जातो असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, ‘अण्णा, सहा?’ तर म्हणाले, ‘मग काय दोन लिहू? डॉक्टर किती राबलेत.’

हा सहा तुमच्या सरासरीत जाऊन बसतो, डॉक्टर.

आता तुम्ही म्हणाल, माणूस स्वतः सहा म्हणतोय तर सहा, मुलीने का हुज्जत घालावी? घालते. चादरी मी धुतल्यात.

ऑपरेशनला नाही म्हणा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. तो विषय माझ्यापुरता संपला.

तपासणीचं म्हणाल तर तो त्या लेखाचा विषयच नव्हता. अमेरिकेत 45व्या वर्षापासून आतड्याची तपासणी करायला सांगतात, आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच आहे, हे मला माहीत आहे. माहीत असलेलं सगळं एकाच लेखात कोंबायची सवय मला नाही. मांसाहार आणि व्यायामाबद्दल आपण जे लिहिलंत त्याला उत्तर देत नाही. अण्णा माळकरी आहेत आणि जन्मभर दुकानात चालत गेले.

आपली प्रतिक्रिया अण्णांना मोठ्याने वाचून दाखवली. मशीन थांबवून त्यांनी पूर्ण ऐकली. म्हणाले, ‘बरोबरच आहे की त्यांचं. ऑपरेशन केलं म्हणून तर मी इथे बसलोय. आणि हे सगळं चारचौघांत लिहायला तुला सांगितलं कुणी?’

ते आमचं आम्ही बघू. त्यात तुम्ही पडू नका.