दुबईत बिनधास्त फोटो कसे काढावेत

दुबईच्या सहलीला निघालात ना? मग फोनची मेमरी आणि डोकं, दोन्ही रिकामं करून घ्या. टूरचे पैसे मोजलेत, व्हिसा लागलाय, तेव्हा समोर दिसेल ते आपलंच.

बुर्ज खलिफापाशी वेळ घालवू नका. ८२८ मीटरच्या त्या इमारतीचा फोटो काढायला कुणी अडवत नाही, मग त्यात मजा ती काय? सरळ जुन्या देरा भागातल्या सोन्याच्या बाजारात जा. काळ्या अबायातल्या (पायघोळ झग्यातल्या) एखाद्या बाई बांगड्या बघत असतील, तर मनगटापर्यंत झूम करा. परवानगी विचारू नका, विचारलं की लोक नाही म्हणतात. नवऱ्याने वळून पाहिलंच, तर फोन कानाला लावून "हां, बोल गं" म्हणायचं. तिथे २०२१चा सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे. कुणाच्या खासगीपणात घुसून, अगदी भररस्त्यातही, न विचारता फोटो काढला तर किमान सहा महिने कैद, किंवा दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. दीड लाख दिरहम म्हणजे आपले पस्तीसेक लाख. एवढ्यात डोंबिवलीकडे वन-बीएचकेची बोलणी सुरू होतात, पण वन-बीएचकेला लाइक कोण देतं?

अपघात दिसला तर टॅक्सी थांबवून आधी व्हिडिओ. जखमींचं चित्रण त्याच कायद्यात बसतं, पण सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मान आपला हवा. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही, व्हिडिओ मात्र छान जातो. पुराव्याची कॉपीही आपसूक तयार!

अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत फोटोला बंदी नाही, फक्त कपडे आणि पोझ बेताची हवी. २०१३ साली तिथे गायिका रिहानाने जरा ऐटीत फोटो काढून घेतले, तर तिला बाहेर जायला सांगितलं. तुम्ही खुशाल बायकोला उचलून घ्या. रिहानाला कुठे 'फॅमिली टूर'चा बिल्ला होता?

सरकारी इमारती, राजवाडे, लष्करी ठाणी यांचे फोटो काढायचे नसतात, हे भित्र्या लोकांसाठी. २०१५ मध्ये फुजैरा विमानतळाजवळ तिघे ब्रिटिश विमानवेडे विमानांचे नंबर टिपत होते. दोन महिने तुरुंगात होते बिचारे. नुसते नंबर टिपून एवढं जमतं, आणि तुमच्या बॅगेत तर भाच्याचा ड्रोन आहे.