पासपोर्टच्या आधीचं काहीतरी

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या खडाजंगी चालू आहे. विषय रायन विल्यम्स. बेंगळुरू एफसीचा हा फुटबॉलपटू २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला. आई मुंबईची, आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. तरी अर्ध्या ग्रुपला तो 'आयात माल' वाटतो. उरलेले म्हणतात, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, ओसीआय कार्डवाल्यांनाही (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही) सरळ खेळू द्या की! २००८ पासून आपला नियम आहे, भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताची जर्सी. मी जर्मनीत राहतो, मग मला विचारणा झाली, "जर्मनीत काय करतात रे?"

जर्मनीत बॅडमिंटनपटू शू ह्वाईवेन होती.

१९७५ साली चीनमधल्या ग्वेयांगला जन्मलेली, खेळात तिकडेच तयार झालेली. पण चीनमध्ये त्या काळी महिला एकेरीत एकीपेक्षा एक सरस पोरी. त्या गर्दीत हिचं काही जमलं नाही. मग ती जर्मनीत आली, बुंडेसलिगा, म्हणजे इकडची क्लबांची वरची लीग, खेळायला. हो, बॅडमिंटनचीही बुंडेसलिगा असते, फक्त फुटबॉलसारखा पैसा तिथे नाही. झारब्रुकन शहराच्या कडेला बिश्मिसहाइम म्हणून भाग आहे, तिथला क्लब या लीगमधला मातब्बर. शू त्यांच्याकडूनही खेळली.

इकडचा क्लब म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगून पटत नाही. सामन्याला दारावर तिकीट देतो तो कुणाचा तरी बाप. काउंटरवर घरून केक भाजून आणलेल्या आया. सामना संपला की नेट गुंडाळायला खेळाडूही हात लावतात. आणि मंगळवारी संध्याकाळी तशाच हॉलमध्ये आमच्यासारखे पोट सुटलेले हौशी प्लॅस्टिकच्या शटलनं घाम गाळतात. वर्षाची वर्गणी भरली की तुम्ही क्लबचे. तुमचा पासपोर्ट कुठला, हे मला तरी अजून कुणी विचारलेलं नाही.

शू आधी अशा क्लबची झाली, जर्मनीची नंतर. २००५ आणि २००६, लागोपाठ दोन जागतिक स्पर्धांत ब्राँझ. २००६ मध्ये युरोपियन विजेतेपद, २००८ मध्ये पुन्हा. पहिल्या वेळी ती तीस वर्षांची होती, दुसऱ्या वेळी बत्तीस. २००८ च्या अंतिम सामन्यात समोर होती फ्रान्सची पी होंगयान, तीही चीनमध्येच जन्मलेली. आपल्याकडे यावर वाहिन्यांनी आठवडा काढला असता. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकला शू उतरली ती जर्मनीकडून.

'स्थानिक मुलींचं काय?' हा प्रश्न रास्तच आहे. क्रेफेल्डची युलियाने शेंक शूच्याच काळातली, सात वर्षांनी लहान. २०११ मध्ये तिनं लंडनला जागतिक ब्राँझ घेतलं, २०१२ मध्ये युरोपियन रौप्य. पुणेकरांना ती आठवत असेल, २०१३ च्या इंडियन बॅडमिंटन लीगमध्ये पुणे पिस्टन्सकडून खेळली होती. शू असल्यामुळे शेंक घडली, असं मी म्हणणार नाही. पण शू होती म्हणून शेंक बुडाली, असंही कुणाला म्हणता येणार नाही.

नियमाबद्दल विचाराल तर मी तो ठेवावा या मताचा आहे. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे जर्मन होताना शूला जुन्या नागरिकत्वावर पाणी सोडावं लागलं. विल्यम्सनंही तेच केलं. मी इतकी वर्षं इकडे राहून निळा पासपोर्ट सोडलेला नाही. २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही, आणि माझा पाय तिथेच अडतो. तेव्हा ओसीआयवाल्यांना दोन्ही डगरींवर हात ठेवू द्या, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? दुसऱ्या बाजूला, 'आयात माल' म्हणणाऱ्यांना सिंधूचा कोरियन प्रशिक्षक मात्र गोड लागला होता.

ओसीआयवाले आले की पदकं येतील, हा हिशेबही मला कच्चा वाटतो. तिशीतल्या बाईला खेळत ठेवणारा क्लब जर्मनीकडे होता, म्हणून शू त्यांच्या उपयोगी पडली. माझी भाची पुण्यात पहाटे सहाच्या बॅचला जाते, फी ऐकून मी गप्प बसलो. तिथे विशीनंतरही खेळणाऱ्या मुली किती आहेत, असं बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "विशीनंतर? अरे, दहावीलाच बंद होतात सगळ्या."