‘असल्या बाईच्या’ या शब्दांविषयी

‘एक श्रोता, कोथरूड’ यांस सविनय नमस्कार.

अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन हिच्यावरील माझ्या लेखावर आपण परवा रात्री लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय आधी देते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे संगीत महोत्सवातील तिच्या गाण्याचा दिवस मी चुकीचा दिला; तिच्या साथीदार वादकांना लेखात जागाच दिली नाही; आणि हेरॉईनचा विषय दोन ओळींत उरकून तिच्या एकटेपणाला मात्र सहा परिच्छेद दिले, असे आपले आक्षेप आहेत. त्यानंतर आपण हे वाक्य लिहिले आहे: “गळा फाडून ओरडणाऱ्या असल्या बाईच्या मरणाला व्यसनाखेरीज दुसरे कारण शोधत बसणे म्हणजे व्यसनाला ओवाळणे होय, आणि सवाईच्या पुण्यात तरी हे व्हायला नको होते.”

जे मान्य करायचे ते आधी करते. ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ हा तिचा बँड 1967 च्या जून महिन्यात मॉन्टेरेच्या मंचावर दोनदा उभा राहिला. शनिवारी, 17 जूनला, झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले नव्हते. त्यामुळे रविवारी त्यांना पुन्हा गायला लावले गेले, आणि आज आपण जे गाणे पडद्यावर पाहतो ते त्या दुसऱ्या दिवसाचे आहे. मी ते शनिवारचे समजून लिहिले होते. चूक माझीच आहे आणि ती दाखवल्याबद्दल मी आपली आभारी आहे. वादकांविषयी एवढेच सांगते की लेख गायिकेवर होता.

आता ते वाक्य. त्यातील ‘असल्या बाईच्या’ हे शब्द लिहिताना आपला हात क्षणभरही अडला नसावा, याचे मला दुःख होते. मतभेद मला नवे नाहीत. गेली अकरा वर्षे मी येथे लिहीत आहे आणि माझ्या लेखांतील तपशिलांवर वाचकांनी मला अनेकदा धारेवर धरले आहे, पण जिला जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे, जी स्वतःची बाजू मांडायला येऊ शकत नाही, अशा एका स्त्रीविषयी या सुरात कोणी माझ्याकडे लिहिले नव्हते. आपण ‘असली गायिका’ म्हणाला असता तर मी आपल्याशी गाण्याविषयी बोलले असते. आपण ‘बाई’ म्हणालात आणि त्यामागे ‘असली’ लावलेत. तिच्या जागी पुरुष असता तर आपण ‘असल्या पुरुषाच्या’ लिहिले असते का? जॉप्लिनच्या आधी अवघे सोळा दिवस, 18 सप्टेंबर 1970 रोजी, गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लंडनमध्ये गेला. त्याचेही वय सत्तावीसच होते. त्याच्यावरील माझ्या जुन्या लेखाखाली आपणच “केवढी प्रतिभा अकाली गेली” असे लिहिले होते. ती प्रतिक्रिया अजून तेथे आहे.

हा शब्द मला का बोचला हे सांगण्यासाठी थोडे स्वतःविषयी लिहावे लागेल. मी सदाशिव पेठेत वाढले आणि नवव्या वर्षापासून गाणे शिकले. सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत मला समूहगीतातून बाहेर काढण्यात आले, कारण माझा आवाज घोगरा होता आणि “मुलीच्या आवाजासारखा लागत नाही” असे एका शिक्षिकांचे मत पडले. पुढे 1983 साली कॉलेजात माझ्या वर्गात एक इराणी मुलगी होती; त्या काळी पुण्यात शिकायला आलेले इराणी विद्यार्थी पुष्कळ असत. तिने मला एक कॅसेट दिली. तिच्यावर फक्त ‘जॅनिस’ असे पेनने लिहिलेले होते. ती कॅसेट मी आमच्या माडीवर आवाज बारीक करून ऐकली आणि ज्या खरखरीबद्दल मला शाळेत बाजूला उभे केले गेले होते तिच्याच जोरावर कोणी गाऊ शकते, हे मला पहिल्यांदा कळले. टेक्सास विद्यापीठात शिकत असताना जॅनिसचे नाव तेथील काही विद्यार्थ्यांनी ‘सर्वांत कुरूप पुरुष’ ठरवण्याच्या स्पर्धेसाठी सुचवले होते, ही हकिगत मी नंतर वाचली. आपल्याला तो तपशील ‘रडवा’ वाटला. ज्याला कधी रांगेतून बाहेर काढलेले नाही, त्याला तो तसा वाटणे शक्य आहे.

‘गळा फाडून ओरडणारी’ याविषयी मी अधिकाराने बोलते, कारण रमणबागेच्या मैदानावर पहाटेपर्यंत चालणारे सवाई गंधर्व महोत्सव मी सतरंजीवर बसून ऐकलेले आहेत. ‘सवाईच्या पुण्यात’ हे मला सांगण्याची आवश्यकता नव्हती. 1968 साली आलेला ‘चीप थ्रिल्स’ हा अल्बम अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यातील ‘समरटाइम’ आपण रात्री, दिवा मालवून, एकदा ऐकावे. सुरुवात ती इतक्या बारीक, कोरड्या आवाजात करते की स्वर आता तुटेल असे वाटते. मग तो फाटतो, आणि त्या फाटण्यातून एकाच वेळी दोन स्वर निघाल्याचा भास होतो, पण ताल आणि शब्द कोठेही सुटत नाहीत. जुन्या पिढीतील ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिचे गाणे वर्षानुवर्षे कानांत साठवल्याशिवाय हे साधत नाही. त्या बेसी स्मिथची फिलाडेल्फियाजवळची कबर 1937 पासून नावाच्या दगडाविना पडून होती. 1970 च्या ऑगस्टमध्ये तेथे शिला बसली, आणि तिचा खर्च ज्या दोघींनी उचलला त्यांतील एक ही ‘असली बाई’ होती. स्वतःच्या मृत्यूला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते.

राहिला हेरॉईनचा प्रश्न. दोन ओळी लिहिल्या हे खरे आहे. पण ‘हेरॉईनच्या अतिमात्रेने झालेला अपघाती मृत्यू’ हे शब्द त्या दोन ओळींत स्पष्ट आहेत. मी काय लपवले? अधिक लिहिले असते तर आपल्यालाच ते अवघड गेले असते. 1965 साली अॅम्फेटामिन या उत्तेजक द्रव्याने हाडांचा सापळा होऊन ती सॅन फ्रान्सिस्कोहून पोर्ट आर्थरला आईवडिलांकडे परतली, व्यसन सोडले, केस नीट बांधून कॉलेजात जाऊ लागली, आणि एक वर्ष तेलशुद्धीकरणाच्या त्या गावाला हवी तशी मुलगी होण्याचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला. 1970 च्या आरंभी ब्राझीलला जाऊन तिने हेरॉईनही सोडले होते. म्हणजे सोडणे तिला ठाऊक होते. सोडलेले माणूस पुन्हा तिकडे का वळते, हाच माझ्या सहा परिच्छेदांचा विषय होता, आणि त्याचे उत्तर सुईत सापडत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाळेच्या दहा वर्षांनी भरलेल्या मेळाव्याला ती गेली. शाळेच्या नृत्यसमारंभाला गेली होतीस का, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा मला कोणी विचारलेच नव्हते, असे तिने सांगितले. तोवर निम्मे जग तिला ओळखत होते.

‘व्यसनाला ओवाळणे’ या शब्दांबद्दल मात्र मला आपल्याला स्पष्टपणे विचारायचे आहे: व्यसन आपण कितीसे जवळून पाहिले आहे? माझ्या धाकट्या काकांना 1991 साली येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात मी आणि माझ्या आईने नेले. पुढे दोन वर्षे पाठपुराव्याला मी त्यांच्याबरोबर जात असे. रिक्षात ते काहीही बोलत नसत. संगम पूल आला की माझा हात घट्ट धरत. तीन वर्षे ते कोरडे राहिले आणि चौथ्या वर्षी गेले. त्यांच्या तेराव्याला आलेल्या एका नातेवाइकांनी वरण वाढून घेता घेता म्हटले, “असल्या माणसाचे दुसरे काय होणार?” माझी आई वाढत होती. तिच्या हातातील पळी तशीच राहिली. परवा रात्री आपले वाक्य वाचले तेव्हा मला ती पळी दिसली, आणि म्हणून हे उत्तर इतके लांबले.

3 ऑक्टोबर 1970 रोजी, शनिवारी, तिच्या साथीदारांनी एका गाण्याचे वादन पूर्ण केले. रविवारी ती त्यावर आपला आवाज देणार होती. ती स्टुडिओत आली नाही म्हणून तिच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहणारा गृहस्थ हॉटेलवर गेला. तेथे ती मृतावस्थेत आढळली; तिने स्वतः खाली जाऊन सिगारेटचे पाकीट आणल्यानंतर उरलेली मोड तिच्या हातात तशीच होती. जानेवारीत ‘पर्ल’ हा अल्बम आला तेव्हा ते गाणे त्यात आवाजाविना घेण्यात आले. ‘बरीड अलाइव्ह इन द ब्लूज’ हे त्याचे नाव. आपण संगीताचे जाणकार आहात, असे आपणच लिहिले आहे. ते अडीच मिनिटांचे वादन ऐकून पाहावे आणि मग माझ्या लेखात काय ओवाळले गेले ते सांगावे.

मॉन्टेरेचा दिवस मी आज सकाळी लेखात दुरुस्त केला असून त्याखाली आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. तिच्यातील ‘असल्या’ हा एक शब्द आपण स्वतः मागे घ्यावा, एवढी विनंती आहे.