नानांनी चेन बदलली

काल जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. "सुरू झाली म्हणे तुमची गाडी! नाना सांगत होते, त्यांनी चेन बदलली. तुम्हीपण होतात ना मदतीला?"

मी म्हणालो, "हो, होतो."

दुसरं काय म्हणणार? नखांतलं काळं अजून गेलेलं नाही, मनगटाची सालटं निघाली आहेत, खाली वाकलं की कंबर आवाज करते. आणि मी मदतीला होतो.

गाडी म्हणजे जुनी मॉरिस मायनर. 1098 सीसीचं इंजिन, म्हणजे 1962 नंतरचं. बरेच दिवस सकाळी सुरू केली की पुढून खळखळ यायची आणि चढावर तिचा जीव जायचा. निदान अवघड नव्हतं, टायमिंग चेन. म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना एका तालात फिरवणारी साखळी. चेन 'ताणली जाते' असं सगळे म्हणतात, पण पोलाद कसलं ताणतंय! प्रत्येक कडीतली पिन आणि बुश केसभर झिजतात, आणि सगळ्या कड्यांची झीज एकत्र झाली की चेन लांबते. मग कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे रेंगाळतो आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरही कॅमवरच फिरतो, त्यामुळे ठिणगीसुद्धा उशिरा. डिस्ट्रिब्युटर जरा फिरवून ठिणगी वेळेवर आणता येते, व्हॉल्व्हना तसं समजावता येत नाही. तिथे चेनच बदलावी लागते.

पाणी सोडलं, रेडिएटर उचलून बाहेर ठेवला, पट्टा काढला, पंखा काढला, प्लग काढले. हे सगळं निर्विघ्न पार पडलं, कारण नाना तेव्हा झोपले होते.

नाना तळमजल्यावर राहतात. निवृत्त आहेत. कशातून, असं विचारलं तर "ॲडमिनिस्ट्रेशन" एवढंच सांगतात, आणि ते अजून चालू आहे याबद्दल बिल्डिंगमध्ये कोणाला शंका नाही. बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना दोन भिंतींपलीकडून कळतो. आले ते हातात टॉर्च घेऊनच.

"ठोकली होती का हो कधी?" पहिला प्रश्न.

"नाही. का?"

"मग बॉनेटच्या मधोमध ही पट्टी कशाला?"

मला हा प्रश्न आवडतो. माझी चूक एवढीच की… नाही, चूक कसली, प्रश्नच तसा आहे. पाना खाली ठेवून मी सांगायला बसलो. ॲलेक इसिगोनिसने ही गाडी आखली, 1948 साली ती लंडनच्या मोटार प्रदर्शनात आली. पण त्याआधी अगदी ऐनवेळी त्याला वाटलं की गाडी अरुंद दिसते. त्याने नमुन्याची गाडी मधोमध कापून घेतली, दोन्ही भाग एकमेकांपासून सरकवत नेले आणि डोळ्यांना बरं वाटलं तिथे थांबवले. अंतर भरलं 4 इंच. तेवढी सपाट पट्टी बॉनेटच्या मध्ये आली ती कायमची. बंपर तर आधीच तयार होऊन पडले होते, तेही कापून मध्ये तुकडा जोडावा लागला. पुढे हीच गाडी दहा लाख खपलेली पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे माप चुकलं होतं," म्हणाले.

मी परत पाना उचलला.

आता क्रँकच्या पुलीचा बोल्ट. या बोल्टाच्या डोक्याला खाचा असतात, पुढून हँडल घालून गाडी सुरू करता यावी म्हणून. त्याच्याखाली लॉक वॉशर, त्याची कड बोल्टावर दुमडलेली. छिन्नीने ती सरळ केली. पण बोल्ट सोडवायला जोर लावला की अख्खं इंजिनच फिरतं. त्यावर साधा उपाय म्हणजे गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि कोणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा. कोणीतरी म्हणजे कोण, ते ओघाने आलंच. नाना मोठ्या तोऱ्यात सीटवर बसले, आरसा स्वतःच्या मापाने लावून घेतला.

"दाबलात?"

"दाबला!"

मी पान्यावर लांब नळी चढवली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. बोल्ट सुटला नाही. क्रँक मात्र लोण्यासारखा फिरला आणि मी रेडिएटरच्या रिकाम्या जागेत कपाळावर आलो.

"नाना, ब्रेक दाबलाय ना?"

"गच्च!"

पुन्हा तेच. मनगट सोललं ते या वेळी.

"नाना, जरा नीट दाबा हो."

"अहो, किती दाबू? दोन्ही पाय भरून आले."

मी उठून खिडकीशी गेलो. "ब्रेकला दोन्ही पाय कशाला?"

"एक ब्रेकवर. एक क्लचवर."

"क्लच कोणी सांगितला?"

"सांगायला कशाला पाहिजे? इतकी वर्षं गाडी चालवली, थांबायचं म्हटलं की मी दोन्ही दाबतो. इंजिन बंद पडत नाही."

मी त्यांना समजावलं की क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध सुटतो. म्हणजे त्यांनी चाकं जिवाच्या आकांताने धरून ठेवली होती, आणि जे धरायचं होतं ते मोकळं सोडलं होतं. नानांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

"पण तुम्ही 'क्लच दाबू नका' असं म्हणाला नव्हतात."

हे खरं आहे. म्हणालो नव्हतो. हॉर्न वाजवू नका, वायपर लावू नका, खाली उतरून निघून जाऊ नका, असंही म्हणालो नव्हतो. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये बहुधा अशाच सूचनांवर जगावं लागत असेल.

त्यांनी क्लचवरचा पाय काढला, मी जोर लावला, आणि 'टण्' आवाज होऊन बोल्ट सुटला. खिडकीतून डोकं बाहेर आलं. "बघा! मी पाय काढला आणि सुटला!"

खरं तर सगळी लक्षणं तिथेच दिसत होती.

पुढचं काम टॉर्चच्या उजेडात. नानांचा टॉर्च चांगला आहे, पण तो नानांच्या लक्षाबरोबर फिरतो. शिवाय बोलताना त्यांना हातवारे लागतात आणि टॉर्च त्याच हातात असतो. टायमिंग कव्हर उतरवताना एकेक छोटा बोल्ट मी चाचपून काढला, आणि तेवढ्या वेळात छतावरचं कोळिष्टक, शेजारची स्कूटर आणि एकदा थेट माझे डोळे असं सगळं लख्ख उजळून निघालं. आतली चेन बोटाने दाबली तर भलतीच आत गेली. कॅमच्या स्प्रॉकेटला, म्हणजे दातेरी चाकाला, चेन तंग ठेवायला दोन रबरी कड्या असतात. त्यातली एक दगडासारखी झाली होती आणि दुसरी नव्हतीच. ती बहुधा संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तुकड्यातुकड्यांनी सुखाने नांदत असावी.

"ही तर सायकलची चेन!" नाना.

यातही ते पूर्ण चूक नव्हते, हाच तर त्रास आहे. हॅन्स रेनॉल्डने 1880 साली मँचेस्टरमध्ये बुश रोलर चेन काढली. सायकल आणि इंजिन दोघांचीही चेन त्याच घराण्यातली. हे मी त्यांना सांगायला नको होतं. "मग सायकलवाल्याकडे पाच मिनिटांत झालं असतं," म्हणाले. पुढे जावयाच्या गाडीचं पुराण लागलं. तिच्यात चेनच नाही, बेल्ट आहे, आवाज म्हणून नाही. मी म्हणालो, बेल्ट आवाज करत नाही हेच वाईट. चेन जाण्याआधी महिनोन् महिने ओरडून सांगते, बेल्ट एक दिवस न सांगता तुटतो. आणि हल्ली काही इंजिनांत चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवतात, ती बदलायला सगळं इंजिन खाली उतरवावं लागतं. असलं आखणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने ती बदलायला लावावी. नाना म्हणाले, "तुम्ही चिडू नका, काम करा."

काम करा! मी करत होतो. टॉर्च स्कूटरवर होता.

एकेरीच्या जागी मी दुहेरी चेन आणली होती. तिची चाकं रुंद असतात. त्यामुळे स्प्रॉकेटच्या मागच्या पत्र्यावरचे दोन षटकोनी डोक्याचे बोल्ट आड येतात. ते काढून तिथे डोकं आत बुडणारे स्क्रू लावायचे आणि पत्र्यातली भोकंही त्या मापाने तिरकी कापायची. मी तसं केलं. काढलेले दोन बोल्ट नानांनी उचलले, पुसले आणि खिशात घातले. माझं तेव्हा तिकडे लक्ष नव्हतं.

मग ठिपके. दोन्ही स्प्रॉकेटवर एकेक ठिपका ठोकलेला असतो. चेनला जोड नसतो, म्हणून चेन चढवून दोन्ही चाकं एकदमच शाफ्टवर सरकवायची, आणि बसल्यावर हे ठिपके एकमेकांसमोर, दोन्ही शाफ्टच्या मध्यांतून जाणाऱ्या रेषेत आले पाहिजेत. एक दात इकडे-तिकडे झाला की सगळं मुसळ केरात. आले. अगदी नाकासमोर नाक. नानांनी पहिल्यांदाच टॉर्च योग्य जागी धरला आणि पसंतीची मान हलवली.

खात्री म्हणून इंजिन हाताने फिरवून बघतात. मी पुलीचा बोल्ट तात्पुरता लावला आणि क्रँक एक पूर्ण फेरा फिरवला.

"गेला!" नाना किंचाळले.

"काय गेलं?"

"ठिपका! खालचा आहे, वरचा गेला! पार पलीकडे!"

"जाणारच, नाना. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. वरच्या चाकाला दाते दुप्पट आहेत."

"पण आत्ता समोर होते."

"हो. क्रँकचा एक फेरा झाला, कॅमचा अर्धाच झाला."

नाना विचारात पडले. टॉर्च हनुवटीखाली गेला, चेहरा भुतासारखा दिसायला लागला. "म्हणजे अर्धं चुकलंय," असा निष्कर्ष निघाला.

"काही चुकलेलं नाही. फोर-स्ट्रोक आहे ना, क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो, म्हणून कॅम निम्म्या वेगाने…"

"ते तुमचं थिअरीचं राहू द्या. मी सांगतो तसं करा. अजून एकदा फिरवा."

मी फिरवतच होतो! माझा हात पान्यावर होता, पाना बोल्टावर होता, फेरा निम्मा झाला होता. पण ते वाक्य त्यांनी मोठ्याने म्हटलं, आणि एव्हाना स्कूटरवाला मुलगा खाली आला होता, त्याने ते ऐकलं. फेरा पुरा झाला. ठिपके समोरासमोर.

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता बसलं," म्हणाले, आणि मुलाकडे वळून, "घाई करतात हे."

बाकीचं कोणी पाहिलं नाही. कव्हरचं नवं ऑइल सील, नवी गॅस्केट, कव्हर ढिलं ठेवून आधी पुली सीलमधून सरकवून ते मध्यावर आणणं आणि मगच बोल्ट आवळणं, कारण तसं केलं नाही तर आयुष्यभर तेल गळतं. कव्हरच्या लहान बोल्टांना फक्त 6 फूट-पौंडांचा ताण, त्यापुढे गेलं की आटे गेले. नाजूक, कंटाळवाणं, जबाबदारीचं काम. त्या वेळी नाना घरी चहाला गेले होते. चावी फिरवायच्या क्षणी हजर. गाडी सुरू झाली, खळखळ गायब. त्यांनी मुलाला टाळी दिली.

मला श्रेय नको आहे असं मी म्हणणार नाही. हवं आहे. असल्या कामात दिसण्यासारखं काही उरतच नाही. रंग काढला तर लोक थांबून बघतात, नव्या टायरचंसुद्धा कौतुक होतं. चेन पत्र्याच्या झाकणामागे जाते आणि ती नीट बसली आहे याचा पुरावा म्हणजे आता काही ऐकू येत नाही. न येणारा आवाज मी कोणाला ऐकवू? नानांकडे मात्र पुरावा आहे, दोन बोल्ट. ते खिशातून काढून दाखवतात. "हे यांच्याकडून राहिले होते, मी उचलून ठेवले." ते उरायचेच असतात, हे मी वॉचमनला सांगितलं, सेक्रेटरींना सांगितलं. दोघांनीही समजूतदारपणे मान डोलावली. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ परवा त्यांच्या गाडीच्या गिअरचा आवाज ऐकवायला नानांना घेऊन गेले, आणि नानांनी म्हणे डोळे मिटून ऐकला.

आता टॅपेट राहिलेत, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट. गॅप 12 थाऊ, म्हणजे इंचाचे 12 हजारांश, प्रत्येकाचा फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) घालून तपासायचा. रविवारी बसणार आहे, आणि या वेळी कोणाच्या उजेडावर अवलंबून राहायचं नाही म्हणून डोक्याला बांधायचा दिवा आणला. संध्याकाळी तो घेऊन येत होतो तेवढ्यात नाना दारातच भेटले. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, पट्टा सैल करून स्वतःच्या डोक्याला बांधला आणि म्हणाले, "हे बेस्ट झालं. आता माझे दोन्ही हात मोकळे."